इस्तंबूलमध्ये एक दिवस नुसतं पाहुणं व्हायचं असेल तर

सदाशिव पेठेत मी २२ वर्षं खानावळ चालवली. रोज शंभरेक पानं वाढली, पण कुणीतरी वाढतंय आणि मी निवांत जेवतेय, असं त्या वर्षांत फारसं घडलं नाही. खानावळ बंद केल्यावर आम्ही दोघं मुलाकडे इस्तंबूलला गेलो. तो तिथे एका विद्यापीठात संशोधन करत होता. शहराच्या आशियाकडच्या किनाऱ्यावर, कादीकोय भागात त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. नोव्हेंबरचे तीन आठवडे तिथे राहिलो. मी अंडं खाते, मांस-मासे खात नाही. आमचे हे रत्नागिरीचे, मासळी बाजार दिसला की त्यांचे पाय थांबतात. आता ओळखीतलं कुणी तुर्कस्तानला निघालं की मला फोन येतो, "काय खायचं, कुठे बसायचं?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

सहल कितीही दिवसांची असो, एक पूर्ण दिवस खाण्या-बसण्यासाठी राखून ठेवा. त्या दिवशी राजवाडा नको, संग्रहालय नको. चार बैठका ठरवा: न्याहारी, दुपारचं जेवण, कॉफी आणि रात्रीचं गोड. मध्ये चालणं आणि एक बोट. यात आणखी काही कोंबू नका. तुर्की भाषेत पाहुण्याला 'मिसाफिर' म्हणतात. आपला मुशाफिर तोच, मूळ अरबी शब्द प्रवाशाचा. आपल्याकडे तो वाटेवरच राहिला, त्यांच्याकडे घरात येऊन बसला. न कळवता दारात आलेल्याला तर ते 'तान्री मिसाफिरी' म्हणतात, देवाचा पाहुणा. पण पाहुणा सारखा घड्याळ बघत असेल तर यजमानाने कितीही मनावर घेतलं तरी त्याचं आतिथ्य करता येत नाही, हे मी माझ्या घरीही पाहिलं आहे.

न्याहारी: दोन तास हाताशी ठेवा

तुर्की न्याहारीला 'काहवाल्ती' म्हणतात. शब्दाची फोड 'कॉफीच्या आधीचं' अशी होते. म्हणून या जेवणाबरोबर चहाच प्यायचा, कॉफी नंतर. शनिवार-रविवारी तिथली कुटुंबंच्या कुटुंबं न्याहारीला बाहेर पडतात आणि दुपारपर्यंत टेबल सोडत नाहीत. तुम्ही मधल्या वारी साडेनऊच्या सुमाराला जा, जागा मिळते आणि वाढणाऱ्याला तुमच्याशी बोलायला सवड असते. कादीकोयच्या मोदा भागात किंवा बोस्फरस सामुद्रधुनीपलीकडच्या बेशिक्ताशमध्ये न्याहारीची पुष्कळ दुकानं आहेत.

मेन्यूत दोन प्रकार दिसतील. 'काहवाल्ती ताबाइ' म्हणजे एकट्यापुरतं ताट. 'सेर्पमे काहवाल्ती' म्हणजे टेबलभर मांडलेल्या लहान लहान बश्या. सेर्पमेचा दर माणशी असतो आणि बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठी देतात. बसण्यापूर्वी दर विचारा, आणि चहा 'सिनिर्सिझ' आहे का, म्हणजे हवा तितका मिळणार का, तेही विचारा. यात संकोच वाटायचं कारण नाही, तिथले लोकही विचारतात.

मग बश्या येऊ लागतात. पांढरं खारट चीज (त्याला 'पेयनिर' म्हणतात, आपलं पनीर नावाने जवळचं, चवीने लांबचं), पिवळं काशार चीज, काळे-हिरवे ऑलिव्ह, टोमॅटो, काकडी, दोन-तीन मुरंबे, तिखट मिरचीची चटणी, गरम पाव, आणि तव्यासकट आलेलं मेनेमेन. मेनेमेन म्हणजे टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या शिजवून त्यात सैलसर ठेवलेली अंडी. आपल्या भुर्जीपेक्षा बरीच ओलसर. त्यात कांदा घालावा की नाही यावर तिथे घराघरांत वाद आहेत. तुम्हाला काय आवडतं ते वाढणाऱ्याला सांगून बघा, पाच मिनिटं गप्पा होतील. शाकाहारी असाल तर 'सुजूक' नको म्हणा. तो मांसाचा मसालेदार सॉसेज असतो आणि अंड्यांत घालायची पद्धत आहे.

खाण्याचा क्रम मी दोन दिवस चुकवला. मध आणि साय समोर दिसली की हात आधी तिकडेच जातो. आधी खारट खा: चीज, ऑलिव्ह, अंडी. मध शेवटी ठेवा. त्याच्याबरोबरचं 'काइमाक' म्हणजे घट्ट गुंडाळलेली साय, आणि उत्तम काइमाक म्हशीच्या दुधाचं. ते कुठे मिळतं हे विचारून घ्या. आजीच्या घरी शिंकाळ्यात ठेवलेल्या सायीची चव मला त्यात पुन्हा सापडली. गरम पावाचा तुकडा तोडायचा, त्यावर काइमाक, वर मध, आणि लगेच चहाचा घोट.

बश्या संपवायच्या असतात असं मानू नका. दोघांच्या सेर्पमेत तिघं सहज जेवतात, म्हणून तिघं असाल तर दोघांचं पुरेल का ते विचारा. पावाच्या बाबतीत मात्र जपा, लागेल तेवढाच तोडा. पाव जमिनीवर पडला तर जुनी माणसं तो उचलून चुंबतात, कपाळाला लावतात आणि कुणाच्या पायाखाली येणार नाही अशा उंच जागी ठेवतात. मुलाच्या शेजारच्या आजींना मी हे करताना पाहिलं. आपल्याकडे अन्नाला पाय लागला की नमस्कार करतात, तसंच.

चहाबद्दल थोडं

दूध नाही. हे आधीच मनाला सांगून ठेवा आणि दूध मागू नका, त्या चहाची घडणच वेगळी आहे. एकावर एक दोन किटल्या असतात. खालच्या मोठ्या किटलीत पाणी उकळत असतं, वरच्या लहान किटलीत चहापत्ती वाफेवर पंधरा-वीस मिनिटं मुरते. पेल्यात आधी वरचा अर्क, मग खालचं पाणी. पेला कंबरेत बारीक, कानाशिवायचा. तो काठाशी दोन बोटांनी धरायचा, मध्ये धरलात तर चटका बसेल. फिका हवा असेल तर 'आचिक', कडक हवा तर 'कोयू' म्हणा. नीट जमलेल्या लालभडक चहाला ते 'सशाचं रक्त' म्हणतात. ऐकायला दचकवणारं आहे, पण पेला उजेडात धरल्यावर रंग समजतो.

हा चहा फार जुना नाही. ऑटोमन काळात मान कॉफीचा होता. पुढे प्रजासत्ताक आलं, बाहेरून आणावी लागणारी कॉफी महाग झाली, आणि काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात चहाची लागवड सरकारने वाढवली. तिथला पहिला मोठा चहा कारखाना १९४७चा. इतक्या थोड्या काळात चहा घराघरांत पोचला, आणि २०२२मध्ये युनेस्कोने तुर्कस्तान आणि अझरबैजानची चहा-संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

पेला रिकामा दिसला की भरला जातो. पुरे झालं हे सांगायचं असेल तर चमचा पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवा. मी हे पाचव्या पेल्यानंतर शिकले.

दुपार: एस्नाफ लोकान्ता

सगळ्यात जास्त जीव माझा इथे रमला. 'एस्नाफ' म्हणजे दुकानदार, कारागीर मंडळी. त्यांनी दुपारी घरच्यासारखं जेवावं म्हणून असलेली ही साधी जेवणघरं, आपल्या खानावळीची सख्खी बहीण. दर्शनी बाजूला काचेमागे गरम पाण्यावर ठेवलेली पातेली, दहा-पंधरा भाज्या, सूप, भात. मेन्यू वाचायची गरज नाही, काचेपाशी जाऊन बोट दाखवायचं. पहाटे शिजवलेलं दुपारी संपतं आणि चार वाजेपर्यंत बऱ्याच लोकान्ता आवरायला घेतात. बाराला जा. एकला आसपासच्या दुकानांतली माणसं येतात, गर्दी होते.

एक शब्द पाठ करून जा: 'अझ', म्हणजे थोडं. 'अझ' म्हटलं की लहान वाढप मिळतं आणि पैसेही कमी लागतात. असं तीन-चार भाज्यांचं मागवा, एकच मोठं ताट घेऊ नका.

शाकाहारींनी इथे नीट लक्ष द्या. 'एत्सिझ' म्हणजे मांसाशिवाय, पण 'एत' म्हटल्यावर कित्येकांच्या डोळ्यांसमोर गाय-मेंढीच येते, कोंबडी वेगळी धरली जाते. म्हणून 'एत योक, ताउक योक, बालिक योक' असं तिन्ही सांगा: मांस नको, कोंबडी नको, मासा नको. डाळीच्या सुपात मांसाचं पाणी असू शकतं, त्यासाठी 'एत सुयू वार मी?' विचारा. आणि मिठायांमध्ये 'ताउक गोअसू' नावाची पांढरी मऊ खीर दिसली तर थांबा. तिच्यात कोंबडीचं मांस असतं, तंतू इतके बारीक केलेले की डोळ्यांना दिसत नाहीत.

तुमच्यासाठी खरा खजिना 'झेयतिनयाली' या विभागात आहे. ऑलिव्ह तेलात, थोड्या पाण्यात मंद शिजवून गार केलेल्या भाज्या, बहुतेक सगळ्या मांसाशिवायच्या. त्या गरम करून मागू नका. गार होतानाच तेल आणि रस भाजीत मुरतो. मी नोव्हेंबरात गेले तेव्हा लीक म्हणजे लांबट पातीचा कांदा गाजर आणि चिमूटभर तांदळाबरोबर शिजवलेला होता. सेलरीचा कंद संत्र्याच्या रसात होता, वांग्याचं इमाम बायिल्दी, म्हणजे कांदा-टोमॅटो भरलेलं वांगं, होतं. या भाज्यांत ते थोडी साखर घालतात. पहिला घास घेतला आणि मी ह्यांच्याकडे बघितलं, कारण आमच्या खानावळीतल्या प्रत्येक भाजीत गुळाचा खडा पडायचा.

भेंडी तर शिकण्यासारखी. करंगळीच्या पेरापेक्षा लहान भेंडी घेतात. देठ आडवा कापत नाहीत, पेन्सिलीला टोक करावं तसा गोल तासतात, म्हणजे आतली पोकळी उघडी पडत नाही आणि तार सुटत नाही. शिजवताना लिंबू पिळतात. मी काचेपाशी इतका वेळ उभी राहिले की वाढणाऱ्या बाईंनी मला आत बोलावून कच्ची भेंडी आणि सुरी दाखवली. भाषा नव्हती, हात होते.

मसुराचं सूप घ्या, लिंबू पिळून. आमटीची सवय असलेल्याला ते पहिल्या चमच्यात आपलं वाटतं. कुरू फासुल्ये, म्हणजे पांढऱ्या घेवड्याची रसदार उसळ, भात आणि लोणचं हे तिकडचं रोजचं सुख, फक्त मांसाविना आहे ना ते विचारा. प्यायला आयरान, म्हणजे दही, पाणी, मीठ. आपल्या ताकासारखंच, जिरं-हिंग नाही इतकंच. ह्यांना नोव्हेंबरात हाम्सी मिळाली, काळ्या समुद्रातली बोटभर लांबीची मासळी, मक्याच्या पिठात घोळवून तळलेली. त्यांनी मांदेलीची आठवण काढत दोन ताटं खाल्ली.

निघताना एक वाक्य म्हणा, चुकलं तरी चालेल: 'एलिनिझे सालिक', तुमच्या हातांना आरोग्य लाभो. ते जेवण करणाऱ्याला म्हणायचं असतं. समोरून 'आफियेत ओल्सुन' येईल, खाल्लेलं अंगी लागो. आपल्याकडे 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, पण ते पानावरून उठताना, बऱ्याचदा पुटपुटत. इथे स्वयंपाकघराकडे वळून, त्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणतात. २२ वर्षं पोळ्या लाटलेल्या बाईला याचं मोल किती, ते सांगता येणार नाही. काम करत असलेल्या कुणाच्याही जवळून जाताना 'कोलाय गेल्सिन', काम सोपं जावो, हेही म्हणून बघा. चेहरा बदलतो.

हिशोबाला 'हेसाप', टिपेला 'बाहशिश'. हे दोन शब्द शिकावे लागत नाहीत, आपल्याच हिशोब-बक्षिसाची भावंडं आहेत. लोकान्तात वरचे सुटे पैसे ठेवले तरी चालतं, मोठ्या हॉटेलात साधारण १० टक्के. एका प्रसिद्ध मशिदीजवळच्या हॉटेलात न मागता चार बश्या समोर आल्या. पाहुणचार समजून आम्ही त्या खाल्ल्या आणि बिलात चारही होत्या. तेव्हापासून न मागितलेली बशी आली की मी आधी विचारते, 'इक्राम मी?', म्हणजे ही तुमच्याकडून का? खरा इक्रामवाला लगेच हो म्हणतो, हात छातीवर ठेवून.

बोट, आणि मग कॉफी

कादीकोयहून युरोपाकडच्या किनाऱ्यावरच्या एमिनोन्यूला जाणारी बोट वीसेक मिनिटांत पोचवते. प्रवासाचं कार्ड आधी भरून घ्या. धक्क्यावर तिळाचं कडं, सिमित, विकत घ्या. भाजण्याआधी ते द्राक्षाच्या काकवीत बुडवून तिळात घोळवतात, त्यामुळे त्याला तो तांबूस रंग येतो. बोटीत बाहेरच्या बाकावर बसा, चहा काचेच्या पेल्यातच मिळतो. निघताना उजव्या हाताला जुनं हैदरपाशा स्टेशन दिसतं, पुढे पाण्यातला कन्यामनोरा, समोर मशिदींचे घुमट. फोटो दोन काढा आणि फोन ठेवून द्या.

एमिनोन्यूला मसाल्यांच्या बाजाराच्या कोपऱ्यावर १८७१पासूनचं कुरुकाहवेजी मेहमेत एफेन्दी हे कॉफीचं दुकान आहे. तिथे बसायची सोय नाही, ताजी दळलेली पूड मिळते. वास आधी येतो, दुकान मागून दिसतं. जवळच हाजी बेकिरचं १७७७ सालापासूनचं मिठाईचं दुकान. तिथून पाव किलो लोकुम, म्हणजे साखर आणि स्टार्चच्या मऊ वड्या, घ्या, गुलाबाचं आणि पिस्त्याचं. रात्री ते उपयोगी पडेल.

कॉफी सावकाश प्यायच्या जागी बसून घ्या. साखर नंतर घालता येत नाही, ती कॉफीबरोबरच उकळते, म्हणून मागतानाच सांगायचं: 'सादे' बिनसाखरेची, 'ओर्ता' मध्यम, 'शेकेरली' गोड. सोबतचं पाणी आधी प्या, तोंड स्वच्छ होतं. वाढल्यावर मिनिटभर थांबा, गाळ खाली बसू द्या, आणि शेवटचा घोट सोडून द्या. एका कप कॉफीची आठवण ४० वर्षं राहते, अशी त्यांची म्हण आहे. म्हणून ती एकट्याने उभ्या-उभ्या पिऊ नये.

रात्र

अंगात बळ असेल तर एमिनोन्यूहून चढ चढून सुलेमानिये मशिदीपर्यंत जा. सिनान या वास्तुकाराने १५५७ साली पूर्ण केलेल्या या संकुलात मशिदीला लागून इमारेत होतं, म्हणजे सार्वजनिक स्वयंपाकघर. गरिबांना आणि वाटसरूंना तिथे जेवण मिळे. अंगणात थोडं बसा. मग दहा मिनिटं उतरून वेफा मोहल्ल्यात, १८७६पासूनच्या बोझाच्या दुकानात जा. बोझा म्हणजे भरड धान्य आंबवून केलेलं दाट पेय, आंबट-गोड, वर दालचिनी. चमच्याने खायचं. आंबवल्यामुळे अल्कोहोलचा किंचित अंश असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी सोडून द्या. बरोबर खायला समोरच्या दुकानातून गरम फुटाणे आणतात. तिथे त्यांना लेब्लेबी म्हणतात. आमच्या ह्यांनी पहिला चमचा घेऊन "आंबील!" म्हटलं, इतकं मोठ्याने की शेजारच्या टेबलावरची मुलं वळून हसली.

आणि जर त्या दिवशी कुणी घरी बोलावलं, तर हे सगळं सोडा आणि तिकडे जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, पाव किलो लोकुम आहेच. 'तात्ली यियेलिम, तात्ली कोनुशालिम', गोड खाऊ, गोड बोलू, असं ते म्हणतात. तिळगूळ देताना आपण जे म्हणतो ते त्यांनी कुठून ऐकलं, असं मला वाटून गेलं. जोडे दाराशी काढा, यजमान सपाता देतील, त्या घाला. त्यांनी 'होश गेल्दिनिझ', म्हणजे या, स्वागत आहे, म्हटलं की आपलं उत्तर 'होश बुल्दुक'. हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओततील, ते चोळून घ्या. पहिल्या नकाराला नकार समजत नाहीत, ताट रिकामं दिसलं की वाढतात. तुम्ही पुण्याचे असा की कोकणातले, याची सवय असेलच. म्हणून सुरुवातीला थोडं घ्या. जेवणानंतर चहा, चहानंतर फळं, मग पुन्हा चहा. फळं येईपर्यंत उठायचं नाव काढू नका.

शेजारच्या आजींनी एका संध्याकाळी वाडग्यात लाल भोपळ्याच्या गोड फोडी पाठवल्या, वर तीळकूट आणि अक्रोड. तिकडेही वाडगा रिकामा परत करत नाहीत, हे मुलगा म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी वेलदोडा घालून तुपातला शिरा केला आणि वाडगा भरून घेऊन गेले. त्यांनी झाकण काढलं, "इर्मिक हेल्वासी" म्हणाल्या आणि हळूच काहीतरी विचारलं. मुलाने सांगितलं की त्यांच्याकडे घरातलं कुणी गेलं की रव्याचा हलवा करून वाटतात, म्हणून त्या विचारताहेत, कुणाच्या आठवणीचा आहे? मी म्हटलं, सांग, आमच्याकडे हा पूजेचा प्रसाद असतो. मग त्यांच्या मिस्टरांचा भिंतीवरचा फोटो मला दिसला. त्यांनी दोन चमचे आणले, एक माझ्या हातात दिला, आणि आम्ही दोघी त्या फोटोखाली बसून शिरा खाल्ला.